झिजलेला हॅमर आधी टेबलावर ठेवा

माढा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात देखभाल विभागात तिसरा हंगाम काढणाऱ्या तरुण इंजिनिअरने विचारलं आहे: "आमच्या फायब्रायझरचे (ऊस फोडणाऱ्या यंत्राचे) हॅमर वीस दिवसांत गोल होतात. आयडी फॅनच्या (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याच्या) इंपेलरला, म्हणजे पात्यांच्या चाकाला, अर्ध्या हंगामात भोकं पडतात. रसाच्या पंपाची शाफ्ट स्लीव्ह (शाफ्टवर बसणारी नळी) पॅकिंगखाली (गळती रोखणाऱ्या मऊ दोरीखाली) खाल्ली जाते. तीन पुरवठादार येऊन गेले. एक हार्ड क्रोम म्हणतो, दुसरा टंगस्टन कार्बाइड, तिसरा सिरॅमिक. यातलं सगळ्यात कडक कोणतं? तेच तिन्ही ठिकाणी लावून टाकू."

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हार्डफेसिंग (वेल्डिंगने कडक थर चढवणं) आणि मेटल स्प्रेचं (वितळलेला धातू फवारण्याचं) काम करून मला अठ्ठावीस वर्षं झाली. जिल्ह्यातल्या बऱ्याच कारखान्यांचे हॅमर, रोलर, इंपेलर माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्या आधारावर सांगतो. तुमच्या तिन्ही जागांची झीज तीन वेगळ्या कारणांनी होते आहे, त्यामुळे तिन्हीकडे एकच औषध चालणार नाही. पुरवठादार खोटं बोलत नाहीत. त्यांचा माल कुठे ना कुठे चांगला चालतो. पण तुमचा भाग का झिजतो हे त्यांच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. ते पाहणं तुमचं काम आहे.

कडकपणाचा मुद्दा आधी नीट समजून घेऊ, कारण तो चुकीचा नाही, अपुरा आहे. साध्या माइल्ड स्टीलचा कडकपणा विकर्स मापात १३० च्या आसपास असतो. क्वार्ट्झच्या वाळूचा कण १००० ते ११०० चा. म्हणजे आपल्या लोखंडापुढे वाळू म्हणजे करवत. अनुभव आणि प्रयोग दोन्ही सांगतात की पृष्ठभागाचा कडकपणा कणाच्या कडकपणाच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत गेला की झीज एकदम खाली येते. त्याच्या आत तुम्ही १३० वरून ३५० वर गेलात, ३५० वरून ५०० वर गेलात, तर फायदा होतो पण थोडा थोडाच. खरी उडी ९०० च्या आसपास मिळते. म्हणून क्रोमियम कार्बाइड (१५०० च्या घरात) आणि टंगस्टन कार्बाइड (२००० च्या वर) यांचं एवढं नाव आहे.

आता तुमच्या गव्हाणीत वाळू येते कुठून, हेही बघा. आपल्या काळ्या रानात चिकणमाती जास्त. बसाल्ट दगडात मुळात क्वार्ट्झ नसल्यात जमा, आणि रानातला चुनखडीचा कंकर तर मऊच. पण बसाल्टच्या पोकळ्यांत भरलेली गारगोटी फुटून मातीत मिसळलेली असते, आणि भीमा-सीनेच्या काठच्या मळ्यांतल्या उसाबरोबर नदीची वाळू येते. गारगोटी म्हणजे क्वार्ट्झच. पावसात तोडलेला ऊस, हार्वेस्टरने तोडलेला ऊस, यांच्याबरोबर माती जास्त येते. तुमचे हॅमर कोणत्या आठवड्यात लवकर गेले आणि त्या आठवड्यात ऊस कोणत्या गटातून आला, हे केन यार्डच्या नोंदीवरून एकदा ताडून बघा. मी हे करायला लावतो तेव्हा लोकांना वेळेचा अपव्यय वाटतो. पण एका कारखान्यात निम्मं उत्तर तिथेच सापडलं होतं. नदीकाठच्या एका गटाचा ऊस सुरू झाला की हॅमरचं आयुष्य जवळजवळ एक तृतीयांशाने घटायचं.

कार्बाइड म्हणजे अखंड कडक थर नसतो, ही दुसरी गोष्ट. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी त्याची रचना असते. शेंगदाणे म्हणजे कार्बाइडचे कण, गूळ म्हणजे त्यांना धरून ठेवणारा मऊ धातू. वाळू शेंगदाण्याला फारसं काही करू शकत नाही, पण आजूबाजूचा गूळ घासून नेते, आणि आधार गेला की अख्खा दाणा निखळून पडतो. त्यामुळे नुसता "कण किती कडक" हा प्रश्न अर्धा आहे. कण किती जवळजवळ बसले आहेत, आणि गूळ रसात विरघळतो का, हा उरलेला अर्धा.

आता हॅमर. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण पैसाही तिथेच जास्त जातो.

तुमचा रोटर टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर आणि फेरे मिनिटाला १००० धरले, तर हॅमरचं टोक सेकंदाला साधारण ७८ मीटर वेगाने ऊस फोडतं. ताशी २८० किलोमीटर. त्या वेगाने वाळू घासते आणि अधूनमधून दगड, ट्रॉलीच्या साखळीचा हूक, नाहीतर मोळीत विसरलेला कोयता येऊन आदळतो. म्हणजे इथे दोन झिजा एकत्र आहेत. घासण्याला कडक हवं, आदळण्याला चिवट हवं. सगळ्यात कडक तेच इथे सगळ्यात आधी तडकतं. सिरॅमिक इथे बिलकुल नको. हार्ड क्रोमचा पातळ थर तर पहिल्या पाळीतच संपेल.

जुना हॅमर टेबलावर ठेवा आणि बोट फिरवून बघा. कडा गोल, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी झाली असेल तर ती घासून गेली आहे. इथे जास्त कार्बाइड चालेल. कडेचा तुकडा कोनाकोनाने तुटला असेल, तुटलेली जागा चकचकीत, दाणेदार असेल, तर तो आघात आहे. तिथे कडकपणा वाढवलात तर आणखी तुटेल. आणि तुकडा निघालेल्या जागी पायाचं लोखंड सपाट, जणू सुरीने सोललेलं दिसत असेल, तर दोष झिजेचा नाही. दोष वेल्डिंगचा आहे.

हा तिसरा प्रकार मी स्वतः केला आहे, म्हणून ओळखतो. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी एका कारखान्याच्या हॅमरवर, जास्त टिकावं म्हणून, क्रोमियम कार्बाइडचे चार थर चढवले. मध्ये बफर, म्हणजे चिवट धातूचा मधला थर, नाही. आठव्या दिवशी रात्री फोन आला. सात हॅमरची टोकं सोलून निघाली होती आणि त्या तुकड्यांनी पुढे मिलमध्ये जाऊन पहिल्या रोलरचे दात चेपले होते. सकाळी मी तो सोललेला हॅमर हातात घेतला. वेल्डची रेषा इतकी स्वच्छ होती की नखाने लागत होती. त्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये तिसरा थर चढवत नाहीत. कार्बाइडचे दोन थर, त्याखाली चिवट बफर, बस. जास्त उंची हवी असेल तर ती बफरने भरून काढायची.

दोनच थर का, तर पहिल्या थरात पायाचं लोखंड वितळून मिसळतं, साधारण ३० ते ४० टक्के. म्हणून पहिल्या थराचा कडकपणा कंपनीच्या पत्रकात लिहिलेला कधीच मिळत नाही. दुसऱ्या थराला तो मिळतो. तिसऱ्याला नवीन काही मिळत नाही, फक्त आतला ताण वाढतो. वेल्डवर आडव्या बारीक भेगा पडतात त्याला घाबरू नका. क्रोमियम कार्बाइड थंड होताना ताण सोडतं, त्या भेगा अपेक्षितच आहेत. मात्र भेग आडवी असावी. वेल्डच्या रेषेने लांब धावली किंवा पायाच्या लोखंडात उतरली तर तो हॅमर रोटरवर चढवू नका.

पायाचं लोखंड कोणतं आहे हे विचारल्याशिवाय रॉड पेटवू देऊ नका. साधं कार्बन किंवा अलॉय स्टील असेल तर आधी गरम करायचं, टेम्परेचर चॉकने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने) खात्री करायची, आणि काम झाल्यावर राखेत किंवा चुन्यात हळूहळू थंड होऊ द्यायचं. मँगनीज स्टील असेल तर बरोबर उलट. ते गार ठेवायचं, थोडं वेल्डिंग, थोडी विश्रांती, कारण जास्त तापलं की त्याचा चिवटपणाच जातो. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ साली शोधलेलं हे स्टील मार खाऊन कडक होतं. नुसत्या बारीक वाळूच्या घासण्याने ते कडक होत नाही, कारण मार पुरेसा बसत नाही. दोन्ही स्टील दिसायला सारखीच, पण चुंबक लावून बघा. मँगनीज स्टीलला चुंबक चिकटत नाही. खिशात एक छोटा चुंबक ठेवायची सवय लावून घ्या.

टंगस्टन कार्बाइडची ब्रेझ केलेली (डाक देऊन बसवलेली) टिप असलेले हॅमरही मिळतात. स्वच्छ उसाला ती टिप फार सुंदर चालते. तुमच्या यार्डात दगड-लोखंड पकडायला चुंबक आणि माणूस दोन्ही असतील तरच तिचा खर्च करा. नाहीतर एक कोयता आणि गेली टिप.

आणि वजन. दुरुस्त केलेले हॅमर तोलून समोरासमोरच्या जोड्या लावा. दोन हॅमरच्या वजनात फक्त २०० ग्रॅमचा फरक असला, तर वरच्या वेगाला तो फरक शाफ्टला दर फेऱ्यात साधारण १६५ किलोच्या ओढीने हलवतो. बेअरिंग का गरम होतंय म्हणून लोक ग्रीस बदलत बसतात, तेव्हा मी आधी वजनकाटा मागतो.

रोलरचं तुम्ही विचारलं नाही, पण इथेच सांगून ठेवतो, कारण तिथे कोटिंगचा हेतूच वेगळा. रोलरचं कवच ओतीव लोखंडाचं, आणि ते खडबडीत राहावं लागतं, नाहीतर ऊस घसरतो, मिल चावत नाही. आर्किंग करून, म्हणजे वेल्डिंगच्या ठिणगीने, दातांवर कार्बाइडचे थेंब बसवतात ते झीज थांबवायला आणि पकड टिकवायला, दोन्हीसाठी. चालू मिलवर, रस वाहत असताना आर्किंग होतं. त्या वेळी अर्थिंगची केबल नेमकी कुठे जोडली आहे ते स्वतः जाऊन बघा. करंट बेअरिंगमधून गेला तर पितळेवर चट्टे पडतात आणि महिन्याने बेअरिंग बसतं. दोष मात्र ग्रीसवर जातो. रोलरच्या शाफ्टवर ब्रशने स्वतंत्र अर्थ घ्यायलाच हवा.

त्या जागी काम करणाऱ्या वेल्डरकडेही बघा. ओल्या जमिनीवर, वाफेत, उच्च क्रोमियमच्या रॉडचा धूर तोंडाशी घेऊन तो तासन्‌तास उभा असतो. त्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) असतं आणि त्याने कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे. नाकावर रुमाल बांधून ते थांबत नाही. धूर ओढून नेणारा पंखा आणि योग्य फिल्टरचा मास्क याचा खर्च रॉडच्या टेंडरमध्येच धरा. नंतर वेगळा मागितला तर मंजूर होत नाही, हे मी अनेक कारखान्यांत बघितलं आहे. त्याच कारणासाठी हार्ड क्रोम प्लेटिंगचा धंदाही जगभर आकसतो आहे. युरोपात २०१७ पासून या प्लेटिंगला लागणारं क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला वेगळी परवानगी लागते.

आयडी फॅनची गोष्ट निराळी. इथे आघात करणारं काही नाही. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ज्वलनातून उडालेली राख आणि वाळू, धुराबरोबर, इंपेलरच्या पात्याला सतत लागत राहते. ही झीज दोन गोष्टींवर ठरते, वेग आणि कोन. वेगाच्या साधारण अडीच घातात झीज वाढते. म्हणजे फॅनचा वेग फक्त १० टक्क्यांनी कमी करता आला, तर झीज २० ते २५ टक्क्यांनी उतरते, आणि त्यासाठी कोणतंही कोटिंग लागत नाही. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर डॅम्पर (हवेची झडप) आवळून फॅन पूर्ण वेगाने पळवत तर नाही ना, हे आधी बघा. मी जाऊन पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी नेमकं तसंच चाललेलं असतं.

कोन आता. मऊ, चिवट धातू २०-३० अंशाच्या तिरक्या माऱ्याला सगळ्यात जास्त झिजतो. काचेसारखा ठिसूळ पदार्थ सरळ ९० अंशाच्या माऱ्याला सगळ्यात जास्त झिजतो. म्हणून इंपेलर बाहेर काढला की पात्यावर तिरपा उजेड टाका. वाळूवर वाऱ्याने उमटाव्यात तशा बारीक लहरी दिसल्या तर मारा तिरका आहे. तिथे सिरॅमिक टाइल किंवा कार्बाइड चढवलेली वेअर प्लेट उत्तम. खड्डे खड्डे दिसले तर मारा सरळ आहे, तिथे टाइल फुटेल. बहुतेक इंपेलरवर दोन्ही दिसतात. पात्याच्या मुळाशी, बॅकप्लेटजवळ, एक प्रकार आणि टोकाला दुसरा. म्हणजे एकाच पात्यावर दोन उपाय लावावे लागतात. त्याला काही हरकत नाही.

वेट स्क्रबर (धूर पाण्याने धुणारं यंत्र) फॅनच्या आधी असेल तर धुरासोबत पाणी आणि आम्लही येतं. तेव्हा साध्या स्टीलचा पाया आतून गंजतो आणि वरचं चांगलं कोटिंग फुगून निघतं. टाइल चिकटवणाऱ्या एपॉक्सीची तापमानमर्यादा लेखी घ्या. आणि काहीही चढवलं तरी इंपेलर परत बॅलन्स केल्याशिवाय बसवू नका.

फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशाच्या राखेमुळे बॉयलरच्या नळ्यांचं दुखणं तिथेही याच जातीचं. कोळशावर चालणाऱ्या केंद्रांत अशा नळ्यांवर क्रोमियम कार्बाइड-निकेल-क्रोमचा स्प्रे मारतात. तुमच्या बॉयलरच्या सुपरहीटरवर (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवर) तो मारायचा विचार असेल तर आधी नळ्यांची जाडी अल्ट्रासोनिकने मोजा. पातळ झालेली नळी कोटिंगने वाचत नाही.

शेवटी स्लीव्ह. पॅकिंग मऊ, स्लीव्ह स्टीलची, तरी स्लीव्हच का खाल्ली जाते? सोलापुरात हे समजायला यंत्रमागाच्या शेडमध्ये जावं. नुसत्या सुताने स्टीलच्या गाइडला चर पाडलेला तिथे कोणीही दाखवेल. म्हणून माग आणि वाइंडिंगवर सूत जिथे वळतं तिथे चिनी मातीच्या किंवा अल्युमिनाच्या कड्या असतात. सुतातली धूळ घासते, सूत फक्त तिला धरून ठेवतं. तुमच्या पॅकिंगमध्ये रसातली वाळू रुतून बसते आणि पॅकिंगचं सँडपेपर होतं.

इथे हार्ड क्रोम लोकांना आवडतं, कारण चकचकीत दिसतं आणि ८५० ते १००० कडक असतं. पण त्या थरात मुळातच केसासारख्या भेगा असतात. उसाचा रस साधारण ५ ते ५.५ पीएचचा, आम्लधर्मी. तो भेगांतून खाली उतरतो, लोखंड गंजतं आणि क्रोम पापुद्र्यासारखं उठतं. टंगस्टन कार्बाइडचं एचव्हीओएफ (अतिवेगाने फवारलेलं) कोटिंग घ्यायचं तर बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा धातू, कोबाल्ट-क्रोम मागा, नुसता कोबाल्ट नको. वरची चिक्की आठवा, गूळ रसात विरघळायला नको. प्लाझ्मा स्प्रेचं क्रोमियम ऑक्साइडही स्लीव्हवर फार चांगलं चालतं, मात्र सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) लावलेलं हवं. हातोड्याने ठोकून स्लीव्ह बसवणारा फिटर असेल तर ते पहिल्याच दिवशी तडकेल.

पण या सगळ्याआधी एक काम करा. ग्लँडमधल्या (पॅकिंग बसतं त्या जागेतल्या) लँटर्न रिंगला (पाणी आत सोडणाऱ्या कड्याला) स्वच्छ पाण्याची लाइन आहे का, ती चालू आहे का, आणि तिचा दाब पंपाच्या आतल्या दाबापेक्षा थोडा जास्त आहे का. स्वच्छ पाणी आत जात राहिलं तर वाळू पॅकिंगपर्यंत येतच नाही. माझ्याकडे कोटिंगसाठी आलेल्या कितीतरी स्लीव्ह मी आधी परत पाठवल्या आहेत, "पाणी चालू करा आणि दोन महिन्यांनी या" म्हणून. त्यातल्या अनेक परत आल्याच नाहीत. मला ते काम गेल्याचं वाईट वाटत नाही.

स्प्रे करून घ्याल तिथे एकदा स्वतः जा. कोटिंग निघतं ते बहुतेक वेळा खालच्या तयारीमुळे. ब्लास्टिंग (कण मारून पृष्ठभाग साफ करणं) एसए २½ या स्वच्छतेच्या दर्जापर्यंत झालं पाहिजे, पृष्ठभाग खरखरीत, राखाडी, एकसारखा दिसला पाहिजे. त्याला हात लावू नका, बोटाचं तेलही नको. ब्लास्टिंगनंतर साधारण चार तासांत स्प्रे झाला पाहिजे, आणि स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियसने जास्त हवं. आपल्या उन्हाळ्यात याची काळजी नाही. पण हंगामात, मिल हाउसच्या वाफेत, पहाटे तिथल्या तिथे स्प्रे करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आणि ब्लास्टिंगला नदीची वाळू वापरणाऱ्याकडे काम देऊ नका. त्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. स्टील ग्रिट, अल्युमिना किंवा कॉपर स्लॅग वापरणारी माणसं मिळतात.

पुरवठादार एएसटीएम जी६५ या झिजेच्या प्रमाणित चाचणीचा रिपोर्ट दाखवतील. तो मागाच, चांगला आहे. पण ती कोरड्या वाळूची, रबरी चाकाखालची हलकी घासणी आहे. कोयता आदळल्यावर काय होईल हे तो सांगत नाही आणि आंबट रसाचंही सांगत नाही. तुमची खरी परीक्षा तुमच्याच रोटरवर घ्या. एकाच रोटरवर तीन प्रकारचे हॅमर समोरासमोरच्या जोड्यांनी लावा, चढवताना तोला, उतरवताना तोला, मधल्या काळात किती टन गाळप झालं ते लिहा. मग खर्च दर हजार टन गाळपामागे काढा. समजा एक हॅमर दुप्पट महाग आहे पण तिप्पट टन काढतो, तर तोच स्वस्त. टेंडरमध्ये तो कधीच एल-वन (सगळ्यात कमी दराचा) येणार नाही. म्हणून आकडा हातात असल्याशिवाय चीफ इंजिनिअरांकडे जाऊ नका. आकडा असला की ते ऐकतात.

दसऱ्याच्या आसपास तुमचं अग्निप्रदीपन असेल, त्यामुळे वेळ थोडा आहे. माझ्याकडे येताना तीन गोष्टी घेऊन या: एक पूर्ण झिजलेला हॅमर, न घासता आणि न धुता, इंपेलरच्या एका पात्याचे तिरप्या उजेडातले फोटो, मुळाचा आणि टोकाचा वेगळा, आणि जुनी स्लीव्ह, शक्य असेल तर मधून उभी कापलेली. ग्लँडच्या पाण्याचा दाब मात्र पाण्याची चाचणी घ्याल त्याच दिवशी गेजवर बघून घ्या, त्यासाठी माझी वाट बघू नका.